दुसरं पॅराशूट आधी समजून घे

अगं, आईच्या कानावर घालायच्या आधी तू मला सांगितलंस, हे फार बरं केलंस. पहिल्या नोकरीच्या पैशातून स्कायडायव्हिंगचा कोर्स करायचा, आणि तोही प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून घेऊन नाही, तर स्वतःचं पॅराशूट स्वतः उघडायला शिकायचं, असं तुझ्या मनात आहे. मी तुला अडवणार नाही. आपल्या मढ गावावरून पुढे खिरेश्वर आणि तोलारखिंडीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जाणारी माणसं आपण लहानपणापासून बघत आलो. तिथल्या कोकणकड्याच्या काठाशी पालथं पडून खाली बघायची हौस तुला तेव्हापासूनच. उंचीची ओढ असण्यात काही वावगं नाही. पण जायचंच तर एक गोष्ट पक्की समजून जा. उडीबद्दल तुला सगळे सांगतील, मी तुझ्याशी पाठीवरच्या दुसऱ्या पॅराशूटबद्दल बोलणार आहे.

आईला कळलं की तिचा पहिला प्रश्न हाच असेल, "आणि ती छत्री उघडलीच नाही तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. या खेळात मुरलेली माणसंसुद्धा विमानात चढताना स्वतःला हेच विचारतात आणि मनातल्या मनात उत्तर घोकतात. ते उत्तर तुला आईसमोर बसून, न अडखळता देता आलं पाहिजे. मी समजून घेतलंय ते सांगते. पुढचं तुझे प्रशिक्षक शिकवतील आणि शेवटचा शब्द त्यांचाच.

पाठीवर जी पिशवी चढवतात तिला कंटेनर म्हणतात. तिच्यात दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात मेन, म्हणजे दर उडीला वापरायचं. वरच्या कप्प्यात, मानेच्या खाली, रिझर्व्ह. सैन्यातले छत्रीधारी जवान विमानाला पट्टा अडकवून कमी उंचीवरून उडी घेतात, तेव्हा त्यांचं राखीव पॅराशूट पोटावर बांधलेलं दिसतं. तुझ्या कोर्समध्ये मात्र दोन्ही पाठीवर.

आता वेळेचा हिशोब बघ, कारण सगळं त्याच्यावर आहे. उडी साधारण १३,००० फुटांवरून. पोटावर आडवं होऊन खाली येताना वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या घरात जातो. या वेगानं हजार फूट पाच-साडेपाच सेकंदांत संपतात. शिकाऊ माणसानं ५,००० फुटांच्या आसपास किंवा त्याच्याही थोडं वरच मेन उघडायचं असतं. ते उघडलंच नाही, तर तिथून जमीन अर्ध्या मिनिटाच्याही आत येते. म्हणून काय करायचं याचा विचार वर करायचा नसतो, तो जमिनीवरच पुरा करून जायचा असतो.

मेन उघडतं कसं? पिशवीच्या तळाशी उजव्या हाताला एक मूठ असते. ती ओढून वाऱ्यात सोडली की तिच्याबरोबर एक चिमुकलं पॅराशूट बाहेर पडतं, पायलट शूट. ते वारा पकडतं, पिशवीची पिन ओढतं, घडी घातलेलं मेन बाहेर काढतं, दोऱ्या ताणल्या जातात आणि मग कापड फुगतं. यातली कुठलीही पायरी चुकू शकते. कधी पायलट शूट नुसतं मागे फरफटत राहतं. कधी मेन ठेवलेली आतली बॅग बाहेर येते पण कापड तिच्यातून सुटत नाही. कधी कापड सुटतं, पण एखादी दोरी त्याच्यावरून आडवी गेलेली असते आणि पॅराशूट एका बाजूला गरगर फिरायला लागतं. कधी दोऱ्यांना पीळ पडतो. कारण कधी घाईत घातलेली घडी, कधी झिजलेली दोरी, कधी उघडताना वाकडं झालेलं शरीर. आणि कधी सगळं नीट करूनही होतं. म्हणूनच दुसरं लागतं.

मेन उघडलं की मान वर करून तीन गोष्टी बघायला शिकवतात. आकार चौकोनी, भरलेला आहे का? स्थिर आहे का? दोऱ्या ओढल्यावर ऐकतंय का, वळतंय का, वेग कमी होतोय का? तिन्हीला 'हो' आलं तर आनंदानं खाली ये. काही अडचणी किरकोळ असतात. दोऱ्यांना थोडा पीळ असेल तर त्या दोन्ही बाजूंना फाकवून पाय झाडले की तो सुटतो. पॅराशूटच्या कडेचे कप्पे फुगले नसतील तर ब्रेकच्या दोऱ्या ओढून धरल्या की फुगतात. पण एका जरी प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं आणि ते सुधारत नसलं, तर त्या पॅराशूटचं काम संपलं. ते सोडायचं.

सोडायची सोय छातीवर असते. उजव्या बाजूला कटअवेचं हँडल, बहुधा लाल, मऊ गादीसारखं. डाव्या बाजूला रिझर्व्हचं, पुष्कळदा धातूचं. क्रम ठरलेला: आधी उजवं बघायचं, धरायचं, पूर्ण हात लांब होईपर्यंत ओढायचं, की मेन सुटून जातं. मग डावं, की रिझर्व्ह बाहेर. हा क्रम का, ते समजून घे. गुंतलेलं मेन डोक्यावर असताना रिझर्व्ह सोडलं तर ते त्याच गुंत्यात जाऊन अडकायची भीती. एक दूर झालं की दुसऱ्याला मोकळी हवा मिळते. मेन पिशवीतून बाहेरच आलं नसेल तर काय करायचं, याबद्दल वेगवेगळ्या ठिकाणी थोडं वेगळं शिकवतात. तुझ्या प्रशिक्षकांनी जे शिकवलं तेच करायचं, मैत्रिणीच्या कोर्समधलं आठवत बसायचं नाही.

उजवं हँडल ओढल्यावर नेमकं काय होतं, ते मला फार आवडलं. खांद्यावरच्या पट्ट्यांना दोन्हीकडे तीन-तीन धातूच्या कड्या असतात, मोठी, मधली, लहान, एकीतून एक ओवलेल्या. सगळ्यात लहान कडीला दोरीचा एक बारीकसा फास धरून ठेवतो आणि त्या फासातून प्लॅस्टिकचं आवरण असलेली केबल गेलेली असते. हँडल ओढलं की केबल निघते, फास सुटतो आणि कड्या एकामागून एक उलगडतात. प्रत्येक कडी पुढच्या कडीवरचा भार कमी करत आणते, म्हणून तुझं अख्खं वजन लटकत असतानाही ते सोडायला साध्या माणसाच्या हाताचा जोर पुरतो. बिल बूथ नावाच्या अमेरिकी माणसानं १९७० च्या दशकात ही रचना केली. त्या कड्या, ती केबल, तो फास तू स्वतः बोट लावून बघ. मळलेली केबल, ताठरलेला पट्टा दिसला तर लगेच विचार.

आता या सगळ्यातलं मुख्य. सोडायचं हे ठरवायची एक उंची असते. शिकाऊ माणसासाठी अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेनं ती २,५०० फूट धरली आहे. तिथपर्यंत मेन ताब्यात आलं नाही तर आणखी एक प्रयत्न नाही, आणखी एक झटका नाही. हात थेट हँडलवर. आणि १,००० फुटांच्या खाली मेन सोडायचंच नाही, कारण तिथं रिझर्व्हला उघडायला पुरेशी जागा उरत नाही. माळशेज घाट उतरणारे जुने ट्रकवाले उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकतात, गाडीनं वेग घेतल्यावर तो पडत नाही हे त्यांना ठाऊक असतं. तुझे २,५०० फूट तसेच.

मेन बिघडल्यावर जीव जातो तो पुष्कळदा असाच, उशीर केल्यानं. पॅराशूट अर्धवट उघडलेलं असतं, थोडं धरून ठेवत असतं, म्हणून माणसाला वाटतं सुटेल, आत्ता सुटेल. गरगरताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मनगटावरच्या उंचीमापकातली उंची मात्र उतरत असते. बघ, तू हिशोबी आहेस, घेतलेलं काम टाकून न देणारी आहेस. शाळेत एक गणित सुटेना म्हणून जेवायला न उठणारी तू. हा गुण खाली फार चांगला आहे. वर तोच घात करेल. बिघडलेलं पॅराशूट दुरुस्त करून दाखवण्यात काही मोठेपणा नाही. वेळेत सोडून देणारी मुलगी घरी येते.

रिझर्व्हवर विश्वास का ठेवायचा, हे तू विचारशील. ठेवावा, कारण त्याच्यामागे कुणाचं तरी चोख काम असतं. मेनची घडी तू स्वतः घालायला शिकशील, पण रिझर्व्हला हात लावायचा अधिकार फक्त परवानाधारक रिगरला. तो प्रत्येक दोरी, प्रत्येक शिवण तपासून घडी घालतो, कप्पा बंद करतो, पिनेला बारीक दोरा बांधून शिशाचं सील ठोकतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. अमेरिकेत न वापरलेलं रिझर्व्हसुद्धा दर १८० दिवसांत उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं. इतर देशांत मुदत वेगळी असते, पण मुदत असतेच. रिझर्व्हचं पायलट शूट स्प्रिंगचं असतं, हँडल ओढताच स्वतः उसळून बाहेर पडतं. त्याची बॅग कापडाला कायमची जोडलेली नसते, त्यामुळे ती बाहेर कुठे अडकली तरी पॅराशूट तिच्यातून निसटून उघडू शकतं. कापड शांत स्वभावाचं निवडलेलं, झटपट आणि सरळ उघडणारं, मेनसारखंच वळवता येणारं.

शिवाय दोन पहारेकरी असतात. एक पट्टा, आरएसएल म्हणतात त्याला, मेन सुटताना आपोआप रिझर्व्हची पिन ओढतो. दुसरं एक छोटं यंत्र, एएडी. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये सायप्रेस नावाचं असं यंत्र आणलं आणि ते जगभर पसरलं. त्याच्या अनुभवी उडीवाल्यांसाठीच्या नमुन्यात, माणूस साधारण ७५० फुटांपर्यंत आला आणि तरीही सेकंदाला ३५ मीटरच्या वर वेगानं पडतोय असं कळलं, की ते रिझर्व्ह बंद ठेवणारा फास कापून टाकतं. शुद्ध हरपलेल्यांनाही त्यानं वाचवलंय. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली वेग कमी असतो, तेव्हा ते यंत्र गप्पच बसेल आणि तू मात्र जमिनीवर जोरात आदळशील. हात तुझाच चालला पाहिजे.

तुला एका बाईची गोष्ट सांगते. केटे पाउलुस, जर्मनीची, १८६८ चा जन्म. शिवणकाम शिकलेली. फुग्यातून वर जाऊन पॅराशूटनं उतरायचे खेळ तेव्हा युरोपात चालत, त्यात ती हेरमान लाटेमान या जोडीदाराबरोबर शिरली. १८९४ मध्ये त्याचं पॅराशूट उघडलं नाही आणि तो गेला. तिनं खेळ सोडला नाही. तिचा गाजलेला प्रकार कोणता, माहीत आहे? उडी मारायची, पहिलं पॅराशूट उघडू द्यायचं, मग ते मुद्दाम सोडून द्यायचं, पुन्हा पडायचं आणि दुसरं उघडायचं. आज कटअवे म्हणून तुला जे शिकवतील, ते ही बाई सव्वाशे वर्षांपूर्वी माणसांसमोर करून दाखवत होती. घडी करून पिशवीत भरलेल्या पॅराशूटवरही तिनं काम केलं. पहिल्या महायुद्धात तिनं जर्मन सैन्यासाठी सुमारे ७,००० पॅराशूट तयार केली. हा खेळ पुरुषांचा, असं घरात कुणी म्हणालं तर शांतपणे एवढंच सांग.

आणि आपल्या पुण्याची शीतल महाजन तुला माहीतच आहे. १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांच्या थंडीत, २,४०० फुटांवरून घेतलेली तिची उडी आयुष्यातली पहिलीच होती. १५ डिसेंबर २००६ ला ती अंटार्क्टिकावर उतरली. २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून तिनं उडी घेतली, २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या समोर २१,५०० फुटांवरून. तिचं कौतुक कर, पण त्या पहिल्या उडीची नक्कल करू नकोस. तो तिचा मार्ग होता. तुझा मार्ग वर्ग, सराव, आणि मग उडी. नऊवारीच्या फोटोतही बघ, साडीवर हार्नेस, हेल्मेट, गॉगल सगळं चढवलेलं होतं. तू ओढणी, मोकळे केस, सैल जॅकेट, काहीही त्या दोन हँडलांवर येऊ देऊ नकोस.

मग काय करायचं ते सांगते. आधी एक टँडेम उडी घे, म्हणजे प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून घेऊन. आपल्याकडे हरियाणातल्या नारनौलला किंवा उज्जैनच्या स्कायडायव्हिंग महोत्सवात बहुतेक लोक तीच घेतात. तिथंही प्रशिक्षकाच्या पाठीवर रिझर्व्ह असतं, तेव्हा विचारायला तिथूनच सुरुवात कर. कोर्सला गेलीस की जमिनीवर हार्नेसमध्ये लटकवून सराव घेतात, तो कंटाळा येईपर्यंत कर आणि कंटाळा आल्यावर पुन्हा कर. 'बघ, धर, ओढ. बघ, धर, ओढ' हे झोपेतून उठवलं तरी हातानं केलं पाहिजे. उडीच्या दिवशी सामान तीनदा तपासायचं: पाठीवर घेण्याआधी, विमानात चढण्याआधी, दारातून निघण्याआधी. छातीचा आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे, तीन कड्या, तीन हँडलं (मेनचं, कटअवेचं, रिझर्व्हचं), पाठीवरच्या पिना. पाठ आपल्याला दिसत नाही, तेव्हा ती दुसऱ्याकडून तपासून घ्यायची.

विचारायची लाज धरू नकोस. आपल्याकडच्या मुलींना हे जड जातं, मला ठाऊक आहे. 'गावाकडची आहे, किती प्रश्न विचारते' असं कुणी म्हणेल की काय, म्हणून आपण मान डोलावतो. तिथं डोलावू नकोस. "रिझर्व्ह शेवटचं कधी बांधलं? कार्ड दाखवता का? एएडी चालू आहे का, त्याची मुदत किती?" हे विचार. चांगला प्रशिक्षक खूश होईल. जो वैतागेल, त्याच्या विमानात बसू नकोस. वारा जास्त असेल, रात्री झोप झाली नसेल, मन थाऱ्यावर नसेल, तर 'आज नको' म्हण. विमानाच्या दारापर्यंत जाऊनही परत खाली येता येतं.

हीच सवय इथं गावात पण लाव. पावसाळ्यात माळशेजला गर्दी लोटते, जीवधनच्या वानरलिंगी सुळक्यावर दोर लावून चढणारे येतात, कड्यांवरून रॅपलिंग होतं, आपली पोरं त्यात मदतीला जातात. तिथंही प्रश्न तोच: हा एक दोर गेला तर मला धरणारा दुसरा कुठे आहे? तो वेगळ्या आधाराला बांधलाय का? तो कुणाच्या हातात आहे? राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत. तू सुट्टीत आलीस की या पोरांना घेऊन बस आणि हे सांग. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

आईशी मी बोलते. तिला खोटं सांगून जायचं नाही. ती नाराज होईल, पण फसवलं गेल्याचं दुःख तिला नको. अण्णांनाही कोर्सचे कागद दाखव, विम्याचं बघू दे, त्यांना कामाला लावलं की त्यांची भीती कमी होते. आणि माझ्याकडून तुला दोनच अटी. रिझर्व्हचं कार्ड स्वतः वाचल्याशिवाय पिशवी पाठीवर चढवायची नाही. २,५०० फुटांच्या खाली मेनशी झुंजत बसायचं नाही. या दोन्ही पाळणार असशील, तर खुशाल जा.